तारा कोणावर पडतो?



एस. टी. स्टँडवर पूर्वी एक पाटी हमखास दिसे : ‘तक्रार पुस्तक मागितल्यास मिळेल.’ रेल्वेचेही तसेच. पाचोऱ्यासारख्या जंक्शनवर स्टेशनमास्तरांकडे तक्रारीचे पुस्तक असते हे सर्वांना ठाऊक. पण ते मागणार कोण? मागितले की समोरचा आधी आपल्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळणार, ‘काय झालं? कशाला पाहिजे?’ म्हणून चार माणसांत विचारणार. मग पुस्तकात नाव, गाव, पत्ता लिहायचा. आडनाव लिहिले की पुढचे सगळे समजलेच! हातावर पोट असलेल्या माणसाने गाडी सोडून, रोज बुडवून ही यातायात कशासाठी करावी? म्हणून आमच्या कितीतरी माणसांची तक्रार ओठावर आली आणि तिथेच विरली.

आज ते पुस्तक प्रत्येकाच्या खिशात आहे. कोणाला मागायचे नाही, कोणापुढे उभे राहायचे नाही. मोबाईलवर ज्या कंपनीचे ॲप घेतले असेल तिच्या नावाखाली पाच तारे असतात. खूश असाल तर पाच द्या, चिडला असाल तर एक द्या, आणि वाटल्यास खाली दोन ओळींचा अभिप्राय लिहा. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही तारा देता येतो. घरातील वडीलधाऱ्यांसाठी थोडे खुलासेवार सांगतो : लाखो लोकांनी दिलेल्या ताऱ्यांची सरासरी काढून ती ॲपच्या दुकानात, म्हणजे प्ले स्टोअरवर, नावाशेजारी छापली जाते. नवा माणूस ॲप घेण्याआधी तो आकडा बघतो. आकडा घसरला की नवे गिऱ्हाईक बिचकते, म्हणून कंपन्या या ताऱ्यांना वचकून असतात. लोकांनी ठरवून एकाच दिवशी एकेक तारा द्यायचा आणि कंपनीचा आकडा पाडायचा, अशी नवी रीत आता आपल्या देशात चांगलीच रुळली आहे.

आमच्या वस्तीतील तरुण मुलांनाही ही रीत आवडते. कोणत्या कंपनीने बाबासाहेबांच्या समाजाचा उपमर्द केला की पहिला शब्द निघतो, ‘चला भो, एक स्टार देऊ त्याला!’ त्यांचा राग आम्हाला समजतो. पण तो तारा जातो कोठे, लागतो कोणाला, आणि टिकतो किती दिवस, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो आज मांडावा असे वाटते.

सुरुवात ‘कचरा’ प्रकरणापासून करू, कारण ते आपल्या काळजाला लागलेले आहे. २००१ साली ‘लगान’ नावाचा चित्रपट आला, तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात कचरा नावाचे एक पात्र आहे. अस्पृश्य, एक हात अधू, गावाबाहेर उभा राहणारा. त्याला संघात घ्यायला गावकरी विरोध करतात, नायक त्याची बाजू घेऊन भाषण करतो, आणि कचरा स्वतः जवळजवळ काहीच बोलत नाही. चित्रपट गाजला, ऑस्करच्या दारापर्यंत गेला. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच तोंडी शब्द नाहीत ही टोचणी आमच्या अनेकांच्या मनात राहिली. नावही काय ठेवले, तर कचरा! आपल्याकडे दगडू, धोंडू, कचरू, उकिर्डा अशी नावे ठेवण्यामागे मुले जगत नसत म्हणून काळाची नजर चुकवण्याचा भाबडा समज होता, हे खरे. पण पडद्यावरच्या त्या नावाला जातीचा वास होता हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

या गोष्टीला बावीस वर्षे झाली. ५ जून २०२३, जागतिक पर्यावरण दिन. घरपोच जेवण पोचवणाऱ्या झोमॅटो कंपनीने त्या निमित्ताने एक जाहिरात काढली. प्लॅस्टिकच्या कचऱ्यापासून नव्या वस्तू बनतात हे सांगायचे होते. त्यासाठी त्यांनी काय केले? ‘लगान’मध्ये कचराचे काम करणारे नट आदित्य लाखिया यांनाच आणले आणि त्यांना वस्तू बनवले! कुठे दिवा, कुठे टेबल, कुठे कुंडी, कुठे टॉवेल. एका जिवंत माणसावर वस्तू ठेवायची आणि खाली लिहायचे की हे इतक्या किलो कचऱ्यापासून बनले. शब्दांवर कोटी करण्याच्या नादात ज्यांनी ही जाहिरात लिहिली, मंजूर केली, पैसे मोजले, त्यांच्या त्या भल्या मोठ्या कचेरीत एकाही माणसाला हे खटकले नाही! तिथे आपला एखादा मुलगा, एखादी मुलगी टेबलापाशी बसलेली असती तर? आम्हाला तर हाच प्रश्न सर्वांत मोठा वाटतो, पण तो आजचा विषय नाही.

मग झाले काय, ते नीट पाहा. ‘मसान’ चित्रपटाचे दिग्दर्शक नीरज घेवान यांनी स्वतःच्या नावानिशी जाहीर लिहिले की लगानमधला कचरा हेच मुळात दलितांचे अत्यंत अमानुष आणि मुके चित्रण होते, आणि तेच पात्र घेऊन ही जातीयवादी जाहिरात केली आहे. माणसाचा स्टूल करता काय, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्यामागे शेकडो लिहिते लोक उभे राहिले. प्रत्येकाने हा अपमान का आहे ते शब्दांत सांगितले. तीन-चार दिवसांत कंपनीने जाहिरात काढून घेतली. खुलाशात म्हटले की हेतू विनोदी पद्धतीने जागृती करण्याचा होता, काही समाजांच्या भावना नकळत दुखावल्या असतील. ‘नकळत’ हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, तो असो. पुढे राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने या जाहिरातीची दखल घेऊन कंपनीला नोटीस काढली. हा आयोग संविधानाच्या कलम ३३८ प्रमाणे स्थापन झालेला आहे आणि चौकशीच्या कामी त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. ॲपवरच्या ताऱ्याला वकील उत्तर देत नाही. आयोगाच्या नोटिशीला द्यावे लागते.

आता याच कंपनीची, याच ताऱ्यांची, चार वर्षे आधीची गोष्ट ऐका. जुलै २०१९ च्या अखेरीस जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने जेवण मागवले. जेवण घेऊन येणारा मुलगा हिंदू नाही असे कळताच त्याने ‘दुसरा माणूस पाठवा’ म्हणून हट्ट धरला आणि शेवटी ऑर्डर रद्द केली. वर मोठ्या अभिमानाने ते जगजाहीर केले. कंपनीने त्याला जाहीर उत्तर दिले की अन्नाला धर्म नसतो, अन्न हाच धर्म आहे. उबर ईट्स या दुसऱ्या कंपनीने झोमॅटोला पाठिंबा दिला. मग तारे पडायला लागले! एकेक तारा, हजारोंनी. कशाबद्दल? जेवण थंड होते म्हणून नव्हे, पैसे जास्त घेतले म्हणून नव्हे. गरीब मुलाच्या हातचे जेवण नाकारायला कंपनीने मदत केली नाही, म्हणून. पाठिंबा देणाऱ्या उबर ईट्सलाही तेच ताट वाढले गेले.

हाताचा विटाळ मानणे म्हणजे काय, हे या महाराष्ट्रात आम्हाला कोणी शिकवायला नको. त्या दिवशी तो तारा विटाळाच्या बाजूने पडला होता. म्हणून आम्ही म्हणतो की तारा हे हत्यार कोणाच्याही हातात जाते, आणि ज्यांची डोकी जास्त त्यांचा आकडा मोठा. आपली डोकी कमी आहेत.

बहिष्कार या शब्दाची दोन्ही टोके आमच्या समाजाने पाहिली आहेत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले आणि पुढच्याच महिन्यात, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. पत्राचे नावच पाहा! पुढे १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली, तिच्यावर बाबासाहेब सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात स्पष्ट नोंद आहे की अस्पृश्य आपला हक्क बजावायला गेले की गावातील सवर्ण त्यांच्यावर बहिष्काराचे हत्यार चालवतात : मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. हक्क मागणाऱ्याची उपासमार करण्याची ती युक्ती होती. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने कायदा केला तो २०१६ साली, आणि तो अमलात आला २०१७ साली. इतका उशीर लागला. तेव्हा कोणी ‘बॉयकॉट’ म्हटले की आमच्या तरुणांनी आधी विचारावे, कोणाचा, कशासाठी, आणि चूल कोणाची विझणार?

चुकीच्या दारावर धोंडा पडण्याचे प्रकारही काही कमी नाहीत. २०१५ च्या नोव्हेंबरात आमिर खान यांनी देशातील असहिष्णुतेबद्दल एका पुरस्कार समारंभात काही उद्गार काढले. ते तेव्हा स्नॅपडील या दुकानदार कंपनीच्या जाहिरातीत होते. लोकांनी राग काढला स्नॅपडीलवर. एकेक तारा, आणि ॲप काढून टाकण्याची मोहीम. कंपनीला सांगावे लागले की त्या उद्गारांशी आमचा संबंध नाही. पुढल्या वर्षी तिने त्यांच्याशी केलेला करार संपल्यावर पुन्हा केला नाही. नटाच्या मतामुळे कंपनीला फटका, आणि कंपनीच्या भीतीमुळे पुढच्या नटांची तोंडे बंद. मोठमोठे लोक सामाजिक प्रश्नावर बोलायला का कचरतात, याचे एक कारण इथे सापडते.

त्याच स्नॅपडीलच्या नशिबात आणखी एक फेरा होता. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅट नावाच्या अमेरिकन कंपनीच्या एका माजी नोकराने कोर्टात आरोप केला की कंपनीचे मुख्य इव्हान स्पीगल २०१५ साली म्हणाले होते, हे ॲप श्रीमंतांसाठी आहे, भारत आणि स्पेनसारख्या गरीब देशांत मला ते वाढवायचे नाही. कंपनीने साफ नाकारले. पण भारतात संतापाची लाट आली आणि स्नॅपचॅटला एकेक तारा पडू लागला. त्या गर्दीत कित्येकांनी नाव नीट न वाचता स्नॅपडीललाच तारे मारले, ॲपही काढून टाकले! ‘स्नॅप’ एवढे वाचले आणि हाणले. हसू येते खरे; पण नावावरून माणूस ओळखून मारण्याची सवय या देशात किती जुनी आहे हे आठवले की हसू मावळते.

आणि एवढे करून तारा टिकतो का? २०२० सालचा मे महिना, लॉकडाऊन. टिकटॉकवरचे लोक श्रेष्ठ की यूट्यूबवरचे, असा वाद पेटला. त्याच सुमारास टिकटॉकवर ॲसिड हल्ल्याची भलावण करणारा एक व्हिडिओ आल्याने राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, ती योग्यच होती. पण तारे मारणाऱ्या सगळ्यांना त्या पीडित भगिनींची कणव आली होती असे आम्ही मानत नाही. टिकटॉकवर कोण होते? शेतात, वीटभट्टीवर, झोपडपट्टीच्या गल्लीत नाचणारी, गाणारी, नक्कल करणारी साधी पोरे. आपल्या खान्देशातही अहिराणी गाण्यांवर ठेका धरणारी पोरेपोरी त्यात होती. त्यांच्या कपड्यांवर, रंगावर, बोलण्यावर जी थट्टा झाली तिच्यात वर्गाचा आणि जातीचा दर्प होता. चारच्या वर असलेला टिकटॉकचा आकडा काही दिवसांत दीडच्याही खाली घसरला. मग प्ले स्टोअर चालवणाऱ्या गूगलने काय केले? हे अभिप्राय ठरवून टाकलेले आहेत असे म्हणून लाखोंनी पुसून टाकले. आकडा पुन्हा चारच्या वर! लाखो लोकांचा राग एका कंपनीने दुसऱ्या कंपनीसाठी फडक्याने पुसला. टिकटॉक शेवटी गेले ते २९ जून २०२० रोजी, सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली तेव्हा. आणि तिचे कारण सीमेवरचे होते, तारे नव्हते.

म्हणजे दुकान त्यांचे, वही त्यांची, खोडरबरही त्यांचाच. एस. टी. च्या तक्रार पुस्तकाची पाने निदान क्रमांक घातलेली असत!

एक ठिकाण मात्र असे आहे की तिथे दिलेला तारा कोणी पुसत नाही. ते ठिकाण म्हणजे आपलाच मुलगा.

पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, पारोळा इथली किती मुले पुण्याला, नाशिकला, सुरतेला जातात ते भुसावळहून येणाऱ्या गाडीच्या जनरल डब्यात दिसते. कपाशीचे नीट झाले नाही, पदवी घेऊनही भरती निघाली नाही, मग हप्त्याची मोटारसायकल आणि पाठीवर ती चौकोनी पिशवी. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे अशा ॲपवरच्या आणि तत्सम कामांवर २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख माणसे होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जातील. त्यांना नोकर म्हणत नाहीत, ‘पार्टनर’ म्हणतात. भागीदार! नफ्यात नव्हे, पावसात.

या भागीदाराला प्रत्येक खेपेनंतर गिऱ्हाईक तारे देते. हॉटेलने उशीर केला, लिफ्ट बंद होती, पत्ता चुकीचा होता, आमटी सांडली, सगळ्याचा तारा त्याच्या नावावर. चार तारे म्हणजे ‘चांगला’ असे आपल्याला शाळेतल्या मार्कांच्या सवयीने वाटते. कंपनीच्या हिशेबात मात्र चार म्हणजे कमी. घरी येऊन सौंदर्यसेवा देणाऱ्या अर्बन कंपनीच्या भगिनींनी २०२१ च्या ऑक्टोबरात गुरुग्राममध्ये कचेरीसमोर धरणे धरले होते; कमिशन आणि दंड हा त्यांचा मुद्दा होता. काही मागण्या कंपनीने ऐकल्या, आणि त्याच वर्षी पुढे पुन्हा धरणे झाले तेव्हा स्वतःच्याच कामगारांविरुद्ध कोर्टात गेली. २०२३ मध्ये पुन्हा अनेक शहरांत त्या रस्त्यावर आल्या. या वेळी तक्रार अशी की तारे ठराविक आकड्याखाली गेले म्हणून आयडी बंद करतात. आयडी बंद म्हणजे कामावरून काढणे. पण काढले असे कोणी म्हणत नाही. सकाळी मोबाईल उघडतो आणि काम नसते. मुकादम निदान तोंडाने सांगत असे!

ज्या माणसाने रागाने कंपनीला एक तारा दिला, त्याचा राग महिनाभरात पुसला जातो. त्याच माणसाने दारात आलेल्या मुलाला दिलेला एक तारा त्या मुलाच्या खात्यावर बसतो आणि कामाच्या पाळीवर, कमाईवर, कधी आयडीवर परिणाम करतो. कंपनीला लागत नाही तो धोंडा नोकराला लागतो. आमच्या मते या सगळ्या प्रकारातली खरी मेख हीच आहे.

आणखी एक प्रसंग सांगणे भाग आहे. १९ मार्च २०२४ रोजी झोमॅटोने फक्त शाकाहारी जेवण पोचवणारी वेगळी तुकडी जाहीर केली : हिरवा गणवेश, हिरवी पेटी. लगेच गदारोळ झाला. अनेकांनी विचारले, उद्या सोसायटीच्या फाटकावर लाल सदऱ्याच्या मुलाला अडवले तर? कोणाच्या जेवणाचा विटाळ कोणाला, हे आता सदऱ्याच्या रंगावरून ठरणार काय? दुसऱ्याच दिवशी कंपनीचे मुख्य दीपिंदर गोयल यांनी हिरवा गणवेश मागे घेतला, सर्वांना लालच राहील असे सांगितले. आणि कारणही तेच दिले की लाल सदऱ्याच्या मुलांना काही सोसायट्या अडवू शकतात. तुकडी मात्र राहिली. घराचे भाडे ठरवताना ‘तुमच्यात नॉनव्हेज चालते का?’ या प्रश्नाआड खरा प्रश्न कोणता असतो हे शहरात खोली शोधणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. इथेही जे बदलले ते आकड्याने नव्हे, प्रश्न नेमका विचारल्याने बदलले.

मग अभिप्राय लिहूच नये काय? तसे मुळीच नाही. एका बाबतीत तर तो लिहिणे आणि वाचणे हे आपल्या घरांसाठी अगदी निकडीचे आहे, आणि ते म्हणजे मोबाईलवर झटपट कर्ज देणारी ॲप. मुलीचे बाळंतपण, बी-बियाणे, कॉलेजची फी; बँक दारात उभी करत नाही, आणि ॲप पाच मिनिटांत पाच हजार देते. नंतर व्याज, दंड, आणि फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना शिवीगाळीचे निरोप, फोटोंची विटंबना. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात सांगितले की त्यांना दोन महिन्यांत अशी सुमारे ११०० कर्ज-ॲप आढळली आणि त्यांतली सुमारे ६०० बेकायदेशीर होती. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम घातले. २०२३ पासून गूगलनेही आपल्या दुकानातील कर्ज-ॲपना गिऱ्हाइकाचे फोन नंबर आणि फोटो पाहण्यास मनाई केली.

अशा ॲपखाली पाच ताऱ्यांचे अभिप्राय भाराभर असतात : ‘छान’, ‘गुड ॲप’, ‘थँक यू’. एकाच साच्यातले, एकाच आठवड्यातले. खोटे अभिप्राय पैसे देऊन लिहून घेतले जातात, हा धंदा इतका वाढला की भारतीय मानक ब्युरोला नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यासाठी खास मानक काढावे लागले. अर्थात ते पाळणे ऐच्छिक आहे, म्हणजे चोरालाच विचारायचे! तेव्हा पाच तारे वाचू नयेत. खाली जाऊन एक ताऱ्याचे लांब अभिप्राय वाचावेत. तिथे कोणीतरी आई सांगत असते की दोन हजार घेतले आणि भावाला, सासऱ्याला फोन गेले. ते तिने तुमच्यासाठी लिहिलेले असते. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नियमातल्या कर्ज-ॲपची यादी २०२५ पासून ठेवली आहे, तीही पाहावी. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. लाजून गप्प बसू नये, लाज कर्ज घेणाऱ्याला नाही.

आणि लिहिताना नेमके लिहावे. ‘फालतू कंपनी’ एवढ्याने कोणाचे काही बिघडत नाही आणि पुसायलाही सोपे जाते. तारीख, रक्कम, काय कबूल केले होते, काय मिळाले. पोचवणाऱ्या मुलाचा दोष नसेल तर ‘मुलाची चूक नाही’ हे वेगळे लिहावे, आणि त्याच्या नावापुढे पाच तारे द्यावेत. जेवण थंड आले तर हॉटेलवर तक्रार करावी, दारातल्या पोरावर नव्हे. आमच्या भगिनी त्याला पाण्याचा ग्लास देतात हे आम्ही पाहिले आहे. त्या ग्लासाबरोबर ते पाच ताऱ्यांचे बटणही दाबावे.

कंपनीला खरोखर जाब विचारायचा असेल तर ॲपच्या बाहेर यावे लागेल. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. २०२० पासून अमलात असलेल्या २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्ह्यातच दावा लावता येतो. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, पाचोऱ्याच्या माणसाला जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुलांनी अर्ज ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावर भरून द्यावा. समाजाचा अपमान करणारी जाहिरात, मजकूर दिसला तर राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे अर्ज करावा. त्याचे एक कार्यालय पुण्याला आहे आणि अर्ज ऑनलाईनही घेतात. आयडी बंद झालेल्या मुलांनी एकेकट्याने कंपनीच्या यंत्राशी बोलत बसण्यापेक्षा आपल्या शहरातील कामगार संघटनेकडे जावे. राजस्थानने २०२३ मध्ये या कामगारांसाठी पहिला कायदा केला. कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्यात काम बंद करण्याआधी लेखी कारण आणि चौदा दिवसांची सूचना देण्याची तरतूद आहे. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तीत या कामगारांच्या निधीसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के भरायचे आहेत. पण तारा खाली आला म्हणून काम गेले तर दाद कुठे मागायची, ते ती सांगत नाही. कर्नाटकासारखी चौदा दिवसांची तरतूद महाराष्ट्रातल्या मुलांना मिळावी यासाठी आमदारांकडे निवेदने गेली पाहिजेत, आणि त्यावर सह्या नाव-गावासकट असल्या पाहिजेत.

अर्जासोबत पुरावा लागतो. ऑर्डरचा क्रमांक, पैसे गेल्याचा संदेश, जाहिरातीचा फोटो, कंपनीचे उत्तर, सगळ्याचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवावा, कारण ती माणसे दोन दिवसांत मजकूर बदलतात. ते काम घरातील शाळकरी मुलीला सांगावे. तिला ते आपल्यापेक्षा लवकर जमते.